फाटकावरची काळी चौकट

विदामावशीचं ओळखपत्र निळ्या रेक्झिनच्या पाकिटात असायचं. त्यावरचा फोटो तिच्या लग्नानंतरच्या वर्षीचा. एकोणतीस वर्षांत तिने कार्ड तीनदा नवं करून घेतलं आणि तिन्ही वेळा तोच फोटो चिकटवायला लावला. “फाटकावरच्या माणसाला माझं तोंड दिसतंच की,” ती म्हणायची, “त्याने शिक्का बघायचा.”

विदोसावा कुरुंजिच हे तिचं पूर्ण नाव. आमच्या सेलिश्ते गावची कामगार निरीक्षक. साखर कारखाना असो, कत्तलखाना असो की वीटभट्टी, त्या कार्डाने फाटक उघडायचं आणि आत गेल्या गेल्या ती पर्समधून पाच मीटरचा टेप काढायची. कठडा किती उंच आहे, पायरी किती रुंद आहे, यंत्राचं झाकण कुठे गेलं. गावात तिच्यावर जीव टाकणारे फारसे नव्हते. नवऱ्याच्या सख्ख्या बहिणीच्या, स्तामेन्काच्या बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र तिने ईस्टरच्या आदल्या आठवड्यात सील केलं होतं, का तर त्याला जाळी नव्हती. नणंद त्यानंतर दोन वर्षं सणाला तिच्या दारात आली नाही. आजही ती “वहिनी” म्हणते ते असं, की ऐकणाऱ्याला वाटावं शिवीच हासडतेय.

मी समोरच्या घरात वाढले. जमीन मोजणीच्या शिक्षणासाठी शहरात जाण्याआधी टेप धरायला मला मावशीनेच शिकवलं. “ताणून धर, यास्ना. तू ढिला धरलास तर चूक दुसऱ्याच्या डोक्यावर पडते.”

मग तो कायदा आला. विशेष कायदा, आमच्या गावाबाहेरच्या एकशे ऐंशी हेक्टरांपुरता. बॅटरीचे भाग बनवणारा कारखाना ‘राष्ट्रीय महत्त्वाचा’ ठरला आणि संसदेत एका दुपारी चौदा कलमं मंजूर झाली. मी ती वाचली, कारण मला त्याच साइटवर नोकरी लागली होती. चौथं कलम सांगतं, बांधकाम संपेपर्यंत परवानगी लागणार नाही. सातवं सांगतं, गावकऱ्यांची सुनावणी घ्यायची गरज नाही. आणि नववं सांगतं, राजधानीतल्या आयोगाची आधी लेखी संमती असल्याशिवाय कुठल्याही निरीक्षकाने आत पाऊल ठेवायचं नाही. बाकीच्या देशात जे नियम रक्त सांडून लिहिले गेले, ते या एकशे ऐंशी हेक्टरांत नव्हतेच. कुंपणाच्या अलीकडे एक देश आणि पलीकडे दुसरा.

मावशीने नववं कलम दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. “म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्यात मी जाऊ शकते,” ती म्हणाली, “तिथे नाही.”

कामाला माणसं आली ती नेपाळमधून आणि बांगलादेशातून. सहाशेच्या वर. धान्याच्या कोठारामागे लोखंडी डब्यांच्या रांगा लावून त्यांना ठेवलं. गाव चिडलं, आणि ते चिडणं सगळंच खोटं नव्हतं. नोकऱ्या तुम्हालाच, असं सांगून जमिनी घेतल्या होत्या. कोणाला काही विचारलं नव्हतं. पण आयोग राजधानीत होता आणि हे लोक रोज पाव घ्यायला समोर दिसायचे, म्हणून सगळा राग त्यांच्यावर निघायचा. आमची पोरं दर रविवारी चर्चसमोरून बस पकडून ऑस्ट्रियाला जातात, तिथे छपरं घालतात, डब्यात राहतात, आणि तिथले लोक त्यांच्याबद्दल नेमकं हेच बोलतात. मावशीचा मुलगा ल्युबिशाही तिकडेच आहे. हे बेकरीत कुणी बोललं की स्तामेन्का म्हणायची, “आपली पोरं वेगळी.” वेगळी कशी, ते तिने कधी सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी रेल्वेच्या भरावाकडे सांडपाण्याच्या नळासाठी चर खणायला सुरुवात झाली. रेषा मीच आखून दिली होती. खोली चार मीटर वीस. कडा सरळ उभ्या, आधाराला एक फळी नाही, आणि काढलेली सगळी माती काठावरच रचलेली. आमच्याकडची माती वरून घट्ट दिसते, कोरडी असताना भिंतीसारखी उभी राहते. खाली वाळूचा थर आहे, त्यात पाणी आहे. ती आधी काही सांगत नाही, एकदम बसते. मी साइटच्या मॅनेजरला म्हटलं. तो राजधानीहून आलेला, चांगल्या बुटांचा माणूस. “तुम्ही रेषा आखा,” तो म्हणाला, “खोलीचं आम्ही बघतो.”

मी मावशीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती फाटकावर हजर. पहारेकरी रादिवोय आमच्या गावचाच, साखर कारखाना बंद पडल्यावर इथे लागलेला.

“उघड.”

“विदाताई, संमतीचा कागद?”

“हे कार्ड तू वीस वर्षं बघतोयस.”

“बघतोय. फोटोतली बाई दिवसेंदिवस तरुण होत चाललीय.” मग त्याने आवाज खाली आणला. “ताई, मला दोन वर्षांनी पेन्शन आहे. तुम्हाला आत सोडलं तर मी उद्या बाहेर.”

“एक मीटरपेक्षा खोल चराला आधार लागतो, रादिवोय. मला ती माणसं वर काढायची आहेत. एवढंच.”

“मला नाही का कळत? पण उघडणार नाही.”

मावशी कुंपणाच्या जाळीला लागून अर्धा तास उभी राहिली. तिथून चर दिसत नव्हता. माणसं जमिनीत उतरताना दिसत होती, आधी गुडघे, मग खांदे, मग पिवळ्या टोप्या. मग काही नाही. परत जाऊन तिने आयोगाला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

नऊ ऑक्टोबरला, बुधवारी, मोजणीच्या आम्हा सगळ्यांना अकरा वाजताच घरी पाठवलं. कारण दिलं की संगणकाचं काम चाललंय. गुरुवारी गेले तर चराच्या रेषेवरची माझी एकशे चाळीस मीटरची खुंटी नाहीशी झालेली, तिथली माती उलथीपालथी, आणि चर त्याच जागी पुन्हा खणलेला. पुन्हा सरळ उभा. मला नवी खुंटी ठोकायला सांगितलं आणि मी ठोकली. विचारलं नाही, माती का हलली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण हे सोडून बाकीचं लिहिलं तर मीही त्या आयोगासारखीच होईन.

पुढच्या सोमवारी मावशीच्या टेबलावर एक अर्ज येऊन पडला. दोनशे अकरा सह्या, पहिली स्तामेन्काची. विषय: परदेशी कामगारांच्या डोक्यातल्या उवा आणि गावाचं आरोग्य. अर्ज कोणत्या खात्याचा ते कोणालाच ठरवता येईना, म्हणून तो ‘कामगार’ या शब्दावरून मावशीकडे ढकलला होता. ती बेकरीत गेली. मी तिथे रांगेत होते.

“आलात का!” स्तामेन्का म्हणाली. “वहिनी, माझ्या यंत्राला जाळी नव्हती तर तुम्ही धावत आलात. आता उवा आल्यात, तर चार दिवस लागले.”

“कोणाच्या डोक्यात बघितल्यास?”

“डोक्यात कशाला बघू? तो एक येतो ना, चाळिशीचा, शांत असा. एकदम गुळगुळीत करून आला. मिशासुद्धा काढल्या! माणूस उगाच असं डोकं तासून घेतो का? आणि वर नखरे. म्हणतो, मीठ नसलेला पाव द्या.”

मावशीचा हात पिशवीवर थांबला. “मीठ नको म्हणाला?”

“तीन दिवस झाले, रोज तेच. मी म्हटलं, बाबा रे, इथे पाव मिळतो, औषध नाही. तर नुसता उभा राहिला. मग सफरचंद घेऊन गेला.”

“अगं, त्याच्या घरचं कोणीतरी गेलंय.”

“काहीतरीच. घरचं गेलं की माणूस दाढी वाढवतो. आमचा दादा, झिव्को, गेला तेव्हा धाकट्या भावाने चाळीस दिवस वस्तरा लावला नव्हता, तुम्हीच बघितलंत की.”

“बघितलं. आपण वाढवतो. ते काढत असतील.” मावशीने काउंटरवर दोन्ही हात टेकले. “माझा नवरा गेला तेव्हा मला जेवणाची चव लागत नव्हती, स्तामेन्का. मीठ नको म्हणणारा माणूस मला कळतो.”

दोनशे अकरा माणसांनी सुतकातल्या माणसाला उवा लावल्या होत्या, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. भोजराज खनाल. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. सहा महिन्यांत त्याने आमची भाषा बऱ्यापैकी उचलली होती. मावशीने त्याला बेकरीच्या मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसवलं, मी शेजारी बसले, आणि स्तामेन्का दाराला टेकून उभी राहिली.

“कोण गेलं?” मावशीने विचारलं.

“दाजु. माझा मोठा भाऊ. दधिराम.”

“तिकडे, घरी?”

“इथे. बुधवारी. चरात.” त्याने हात छातीशी नेला, मग गळ्याशी, मग डोक्याच्या वर. “माती एवढी. आम्ही हातांनी काढली. फावडं मारलं तर त्याला लागेल ना. वीस मिनिटं.”

“आणि मग?”

“मॅनेजर म्हणाला, झोपेत गेला. हृदय बंद पडलं. कागद पण तसाच केला. जो बोलेल त्याचा परवाना जाईल. आमचा परवाना त्यांच्या नावावर आहे, काकी. ते सोडतील तर देशच सोडायचा. आणि गुरुवारपासून सगळे परत खाली उतरतात. तोच चर.”

मला तेव्हा माझी खुंटी आठवली. पुढच्या ऐंशी मीटरच्या नोंदी माझ्या वहीत होत्या. तिथे वाळू जास्त होती आणि पाणी दोन मीटरवरच. मी ते मावशीला तिथल्या तिथे सांगितलं. किती दिवस, तिने विचारलं. रोज पाच-सहा मीटर सरकतायत, मी म्हटलं, पंधरवड्यात भरावाखाली पोचतील. आणि पाऊस आला तर त्याच्याही आधी.

स्तामेन्काने त्या दिवशी एक पाव वेगळा मळला, बिनमिठाचा. त्यासाठी ते जाळीवालं यंत्र आधी धुवावं लागलं.

मावशीने आयोगाला पुन्हा लिहिलं. या वेळी तारीख, वेळ, ठिकाण, खोली आणि माझ्या नोंदी सगळं घातलं. उत्तर नऊ दिवसांनी आलं आणि ते मी जपून ठेवलं आहे. ‘सदर व्यक्तीचा मृत्यू निवासस्थानी नैसर्गिक कारणाने झाला असून विषय आपल्या अधिकारात येत नाही. उवांबाबतच्या अर्जावर मात्र आपल्या स्तरावर उचित कार्यवाही करावी.’

माणूस मातीखाली गेला ते तिच्या अधिकारात नाही. उवा मात्र आहेत. नसलेल्या उवा!

मी चिडून आरडाओरडा केला. मावशीने कागदाची घडी घातली. “आपल्या गावात माणूस मेला हे कोण ठरवतं गं?” तिने विचारलं.

“डॉक्टर. आता आयोग.”

“ओब्राद ठरवतो. चल.”

ओब्रादचं छपाईचं दुकान नगरपालिकेच्या बाजूला आहे. लग्नाच्या पत्रिकांपेक्षा त्याचा खरा धंदा काळ्या चौकटीच्या कागदांचा. आमच्याकडे कोणी गेलं की फोटो, नाव, वय आणि खाली शोकाकुल मंडळींची नावं असा कागद विजेच्या खांबांवर, झाडांवर, त्या माणसाच्या घराच्या आणि कामाच्या फाटकावर लागतो. तो वाऱ्याने फाटावा, पावसाने जावा. माणसाने त्याला हात लावायचा नसतो. शत्रूचा असला तरी.

भोजराजने फोनमधला फोटो दिला. दधिराम एका पुलावर उभा होता, डोळे उन्हाने बारीक केलेले.

“वर काय घालू?” ओब्रादने विचारलं. “माझ्याकडे क्रॉस आहे, चंद्रकोर आहे आणि जुन्या कॉम्रेड लोकांचा तारा आहे.”

“यातलं काही नको,” भोजराज म्हणाला.

“मोकळं सोडून चालत नाही, भल्या माणसा. लोकांना वाटेल कुत्रा हरवलाय.”

शेवटी एक डहाळी ठरली, साधी, पाच पानांची. ओब्रादने मजकूर टाइप करायला घेतला आणि ‘दीर्घ आजाराने की अचानक’ असं सवयीने विचारलं. मावशीने सांगितलं ते त्याने एका बोटाने टाइप केलं, आणि दुसऱ्या ओळीला त्याचं बोट थांबलं.

“विदा, हे छापलं तर नगरपालिकेचं काम मला परत मिळणार नाही.”

“मग चौकटच छाप नुसती. मी हाताने लिहीन.”

“तुझं अक्षर मी बघितलंय,” तो म्हणाला आणि पुढे टाइप करू लागला. “शोकाकुल कोण?”

“आई, पत्नी सरिता, दोन मुली,” भोजराज म्हणाला. “आणि मी.”

“इथलं कोणी? इथलं एकही नाव नसेल तर लोक वाचून पुढे जातील.”

“विदोसावा कुरुंजिच,” मावशी म्हणाली. “पुढे हुद्दा नको.”

मी माझं नाव सांगितलं. तेवढ्यात दारात स्तामेन्का आली. एका हातात बादली, बादलीत पिठाची गरम खळ.

“दुकानातला डिंक ओल्या लोखंडावर टिकत नाही,” ती म्हणाली. मग ओब्रादच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहिली. “माझंही घाल. त्या अर्जावर पहिली होते, इथे शेवटची चालेल.”

मावशीला ते अंधारात लावायचं नव्हतं. “आपण काय चोरी करतोय?” म्हणून दुपारी दोनला, पाळी बदलताना, सगळ्यांच्या देखत आम्ही फाटकाशी गेलो. मावशीने ब्रश फिरवला, भोजराजने कागद लावला आणि तळहाताने वरून खाली सरळ केला.

*दधिराम खनाल, वय ४४. ९ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी या फाटकाच्या आत, एकशे चाळीस मीटरवर, चार मीटर वीस खोल आणि आधार नसलेल्या चरात, काम करताना मातीखाली गुदमरून गेला.*

खाली सगळ्यांची नावं. असे चाळीस कागद. कुंपणाच्या प्रत्येक चौथ्या खांबावर एक.

मॅनेजर धावत आला. “काढा ते! रादिवोय, काढ!”

रादिवोयने डोक्यावरची टोपी काढली. “साहेब, फाटक उघडू नको म्हणालात, मी उघडलं नाही. या बाईला मी वीस वर्षं ओळखतो, तरी उघडलं नाही. पण मेलेल्या माणसाचा कागद मी काढणार नाही.”

“अरे, हे बेकायदेशीर आहे!”

“असेल. कलम दाखवा.”

मॅनेजरने आणखी दोघांना फर्मावलं. एक म्हणाला, माझी आई आजारी आहे, मला असलं सांगू नका. दुसरा नुसताच बाजूला झाला. मग मॅनेजर स्वतः पुढे आला. कागदाच्या कोपऱ्यापर्यंत त्याचं बोट गेलं. तोही कुठल्यातरी गावाचाच असणार, त्याच्या बापाचा कागदही कुठल्यातरी खांबावर लागला असणार. त्याने हात खिशात घातला आणि फोन काढला.

तोपर्यंत दुसऱ्या पाळीची माणसं आली होती. त्यांना आमची लिपी वाचता येत नव्हती. फोटो येत होता. एकाने पिवळी टोपी काढून फाटकासमोर जमिनीवर ठेवली आणि तो तिच्या शेजारी बसला. मग दुसरा. अर्ध्या तासात रस्त्यावर दीडशे माणसं बसली होती, आणि चर रिकामा होता. चौदा कलमांत निरीक्षकाला अडवायचं कलम होतं, गावाला गप्प बसवायचं होतं. खाली उतरायला नकार देणाऱ्या माणसाला उचलून चरात ठेवायचं कलम लिहायला ते विसरले होते.

तिसऱ्या दिवशी दोन ट्रक लोखंडी पत्रे आणि आडवे टेकू आले. मी ते चरात बसताना मोजले, प्रत्येक दीड मीटरवर एक. काठावरची माती मागे हटवली. कुठेही लेखी आदेश नाही. साइटच्या नोंदवहीत लिहिलं गेलं, ‘भूजलाच्या कारणास्तव कामाच्या पद्धतीत बदल’. कोणी मेल्यामुळे असं कुठेही नाही. दधिरामचं हृदय सरकारी कागदावर अजून झोपेतच बंद पडतं.

भोजराजला भावाच्या पेटीबरोबर त्याच विमानाने पाठवलं. परवाना रद्द. जाताना तो बेकरीत आला. तेरा दिवस उलटून गेले होते, स्तामेन्काने त्याला चीज भरलेला गरम बुरेक दिला, आणि त्याने तो उभ्याउभ्याच खाल्ला. मला साइटवरून काढलं. मावशीला निवृत्तीला तीन महिने उरले असताना घरी बसवलं. नगरपालिकेच्या सचिवाने ओळखपत्र मागितलं. तिने पाकिटातून कार्ड काढलं, त्यावरचा फोटो सोडवून घेतला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. “शिक्का तुमचा,” ती म्हणाली, “फोटो माझा.”

जानेवारीत कायद्यात दुरुस्ती झाली. पंधरावं कलम. ‘प्रकल्पाच्या हद्दीवर व कुंपणावर कोणत्याही स्वरूपाचा मजकूर अथवा प्रतिमा लावण्यास मनाई.’ एका कागदासाठी संसदेने एक दुपार घालवली! माणसासाठी तिला पाच मिनिटं मिळाली नव्हती.

आमच्याकडे सहा महिन्यांनी पुन्हा कागद लागतो. एप्रिलच्या नऊ तारखेला सकाळी मावशीने माझं दार वाजवलं. एका हातात ओब्रादकडची गुंडाळी, दुसऱ्यात तिचा तो पाच मीटरचा टेप.

“मोजणीचं उपकरण आहे ना घरी?”

“आहे.”

“मग चल. त्यांची हद्द नेमकी कुठे संपते ते मला जमिनीवर दाखव.”

फाटकासमोर रस्त्याच्या कडेला एक विजेचा खांब आहे. मी उपकरण लावलं, दोनदा तपासलं, आणि हद्दीच्या रेषेवर खुंटी ठोकली. रादिवोय पहाऱ्याच्या खोलीतून बाहेर येऊन बघत होता. मावशीने टेपचं एक टोक खुंटीला लावलं आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

“ताणून धर,” ती म्हणाली.

खुंटीपासून खांबापर्यंत एक मीटर दहा भरलं. सगळं बाहेर, आमच्या बाजूला. तोवर बेकरीतून आलेल्या स्तामेन्काने खळीची बादली खाली ठेवली आणि मावशीने ब्रश खळीत बुडवला.